कचेरीत मोठी, घरात लहान

ताई,

मी १७ वर्षांची, पीयूसी दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, सायन्सला आहे. आमचं गाव बेळगावजवळच्या उचगावच्या पुढं. भात आणि रताळी करतो. घरात आजी, अप्पा, आई, थोरले काका-काकी, मी आणि आठवीतला भाऊ. पाचवीपासून घरातले सगळे कानडी कागद मीच वाचते. लाईट बिल, उतारा, सोसायटीची नोटीस, रेशनचं, आईला सरकारकडून महिन्याला मिळणाऱ्या गृहलक्ष्मीच्या पैशाचं. अप्पांना बाजारापुरतं कानडी बोलायला येतं, वाचायला येत नाही. कचेरीत गेलं की ते मागं थांबतात आणि मी बोलते.

मागच्या महिन्यात एका कचेरीत साहेबांनी अप्पांवर कर्ज किती आहे ते सगळ्या लोकांसमोर वाचून दाखवलं. मला ते माहीतच नव्हतं. वर कानडीत म्हणाले, वाचायला येत नाही तर सह्या कशाला करता? अप्पांनी विचारलं, "काय म्हणतात गं?" मी सांगितलं, "उद्या या म्हणतात." अप्पांना कळलं असणार, खरं ते काहीच बोलले नाहीत. येताना बसमध्येपण नाहीत.

कचेरीत मी एवढी मोठी. आणि घरात? मैत्रिणीच्या वाढदिवसाला टिळकवाडीला जाते म्हटलं तर "एकटी कशी जाणार?" माझा मोबाईल आई रोज रात्री बघते. गेल्या वर्षी आमची निम्मी रताळी किडीनं पोखरली, अडत्यानं परत पाठवली. तेव्हापासून मला धारवाडला बीएस्सी ॲग्री करायचं आहे. काका म्हणतात, "कानडी मुलखात शिकायला जाणार? कोल्हापूरला जा की, आत्या हाय तिथं." काका ५६ वर्षांचे, दर एक नोव्हेंबरला काळी फीत बांधून फेरीत जातात. त्यांच्यापुढं घरात कुणी बोलत नाही. आणि आई म्हणते, "तू गेलीस तर हे कागद कोण बघणार?" हे ऐकल्यापासून रात्री झोप लागत नाही. मला जायचं आहे, आणि मी गेले तर घर अडणार. मी स्वार्थी आहे का?

— दुभाषी


प्रिय दुभाषी,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा "उद्या या म्हणतात" इथं येऊन अडले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. नाही, तू स्वार्थी नाहीस. सात वर्षं घरचे कागद वाचणाऱ्या आणि बापाचा अपमान स्वतःच्या कानात अडवून धरणाऱ्या मुलीला स्वार्थी म्हणणारं माणूस मला तरी भेटायचं आहे.

त्या खिडकीपाशी काय घडलं ते जरा नीट बघू. साहेब बोलले, अप्पांनी विचारलं, आणि मधल्या एका श्वासात तू ठरवलंस की यातलं काय अप्पांपर्यंत पोचू द्यायचं आणि काय गिळायचं. कोर्टात हेच काम करणाऱ्या दुभाष्याला आधी शपथ घ्यावी लागते. तो पगारी माणूस. ज्याचं बोलणं तो दुसऱ्या भाषेत सांगतो तो त्याचा कुणी लागत नाही. संध्याकाळी घरी जाऊन तो जेवतो आणि विसरून जातो. तुझ्या पाठीशी मात्र तुझा बाप उभा होता. त्यांच्यावर कर्ज आहे हे तुला त्याच वेळी कळलं, तेही परक्याच्या तोंडून, रांगेतल्या लोकांच्या देखत. ते पचायच्या आत पुढचं वाक्य आलं आणि अप्पा विचारते झाले, काय म्हणतात गं?

हे तुझ्यावर यायला नको होतं. तुझ्या घरच्यांना बोल लावण्यासाठी मी हे म्हणत नाही. आपल्या भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. आईवडील मराठी शाळेत चार-सात यत्ता शिकलेले, सरकारी कागद सगळा कन्नडमधून, आणि शाळेत कन्नड विषय आहे म्हणून घरातलं लहानात लहान वाचणारं पोर एकदम मोठ्या माणसाच्या कामाला जुंपलेलं. त्याचं कौतुकही होतं. "आमच्या पोरीला सगळं येतंय," असं पाहुण्यांना सांगतात. पोरीला मात्र काय काय ऐकावं लागतं ते पाहुण्यांना कुणी सांगत नाही.

मला हे ठाऊक आहे, कारण मीही तेच केलंय. आमचं घर शहापूरच्या शिवाराला लागून. वडिलांची दोन एकर भाताची जमीन. मी नववीत असताना घरी एक नोटीस आली, सायक्लोस्टाईल केलेली, शाई पसरलेली, सगळे आकडेसुद्धा कन्नड. कन्नडमधला एक आणि शून्य दोन्ही गोलच दिसतात. एकाचा गोल किंचित उघडा राहतो, एवढाच काय तो फरक. नोटिशीत दहा तारीख होती, मी अकरा वाचली. वडील अकरा तारखेला पैसे घेऊन गेले. मुदत आदल्या दिवशीच संपली होती. व्याजातली सवलत गेली, म्हणजे साधारण दोन पोती भाताचे पैसे. घरी येऊन त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि आईला म्हणाले, "वाढ जेवायला." मला एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते.

त्या न बोललेल्या शब्दाखाली मी वीस वर्षं काढली. लग्न झालं, शाळेत नोकरी लागली, शेकडो पोरांच्या वह्या तपासल्या, तरी कुठल्याही कागदावरची तारीख मी आजही बोट ठेवून दोनदा वाचते. वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा एकदा धीर करून विचारलं, "आबा, ती दहा तारीख आठवते काय?" त्यांना आठवत होती. म्हणाले, "ती नोटीस मास्तरांना दाखवायला पायजे होती. लाज वाटली म्हणून तुला दिली." म्हणजे ते ओझं वीस वर्षं आम्ही दोघांनीही वाहिलं होतं, एकाच घरात, एकमेकांना पत्ता लागू न देता.

म्हणून तुला पहिलं सांगणं हे, की अप्पांशी बोल. आत्ता, या महिन्यात. घरात नको. घरात काका आहेत, आजी आहे, आणि चार माणसांत अप्पा मोकळे होणार नाहीत. रानात रताळी काढून माती झाडत बसता ना दोघं, तेव्हा बोल. हात कामात असले की तोंड सोपं होतं, आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघावंही लागत नाही. एवढंच म्हण, "अप्पा, त्या दिवशी साहेब तसं म्हणाले नव्हते. मी तुम्हाला दुसरंच सांगितलं." पुढचं त्यांना सुचू दे. कदाचित ते म्हणतील, ठाऊक आहे. कदाचित काहीच म्हणणार नाहीत, नुसती पुढची वेल ओढतील. तू उत्तराची वाट बघत बसू नकोस. दुसरी गोष्ट मात्र त्याच बसणीत सांग. "इथून पुढं पैशाचं काही असलं तर आधी घरात मला सांगा, खिडकीवर नको." यात तुझा उद्धटपणा काही नाही. ज्या माणसाला कर्जाच्या कागदावर बोलायला उभं करायचं, त्याला ते कर्ज आधी सांगायला हवं.

एक गोष्ट अप्पांनाही सांगून ठेव. आपल्या घटनेच्या ३५० व्या कलमानं प्रत्येक माणसाला आपलं गाऱ्हाणं कुठल्याही सरकारी अधिकाऱ्यापुढं त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडायचा हक्क दिला आहे. अप्पा मराठीत अर्ज लिहून देऊ शकतात. त्यावर पोच घ्यायची आणि ती जपून ठेवायची. उत्तर कन्नडमधून येईल, काम हळू चालेल, हे मला कळतं. तरी आपल्या हातानं लिहिलेला अर्ज पुढं सरकवणं आणि पोरीच्या पाठीमागं उभं राहणं यात फार अंतर आहे. अप्पांना ते एकदा अनुभवू दे.

आता काका. त्यांच्याबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास, खरं मी त्यांचाच विचार सगळ्यात जास्त केला. तू त्यांचं वय लिहिलंस म्हणून बरं झालं. हिशेब कर. १९८६ च्या जूनमध्ये, कन्नड सक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं तेव्हा, तुझे काका तुझ्याच वयाचे होते. सतरा वर्षांचे. तू रोज कॉलेजला जाताना बस हिंडलग्यावरून जाते. तिथं हुतात्मा स्मारक आहे, ते त्याच आंदोलनात गोळीबारात गेलेल्यांचं. काकांच्या वर्गातलं, ओळखीतलं कोण त्यात होतं का, ते स्वतः तेव्हा कुठं होते, हे तू त्यांना कधी विचारलं आहेस? माझा अंदाज, नाही. घरातली पोरं एक नोव्हेंबरच्या फेरीला काका गेले एवढंच बघतात. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव कानडी राज्यात घातलं गेलं ते काकांनी पुस्तकातून ऐकलं असेल, पण ८६ त्यांच्या अंगावरून गेलंय. "कानडी मुलखात जाणार?" असं ते म्हणतात तेव्हा बोलणारा माणूस ५६ वर्षांचा नसतो, सतरा वर्षांचा असतो.

तेव्हा धारवाडचा विषय काढायच्या आधी एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बस आणि ८६ सालचं विचार. मधे धारवाड आणू नकोस. आपलं काम साधायचं म्हणून ऐकतेस असं त्यांना वाटलं तर ते कायमचे बंद होतील, आणि ते बरोबरच असेल. खरोखर ऐक. तुझ्या घराचा हा इतिहास तुला कुठल्याच पाठ्यपुस्तकात मिळायचा नाही.

नंतर केव्हातरी, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात, तुझं म्हणणं सांग. काका ज्याच्यासाठी लढले ती लढाई सक्तीविरुद्ध होती. कुणी काय शिकायचं, कुठल्या भाषेत शिकायचं हे वरून लादू नये, यासाठी ती पोरं रस्त्यावर आली. माणूस म्हणून त्यांना ते तुझ्या बाबतीतही कळेल असा माझा विश्वास आहे. फक्त हा मुद्दा त्यांच्या तोंडावर फेकू नकोस. "तुम्हीपण मार्केट यार्डात कानडी बोलताच की," हे तर मुळीच म्हणू नकोस. खरं असलं तरी नको. त्यांना रताळी दाखव. ज्या रताळ्यांना भोकं पडली ती त्यांच्याही रानातली होती, बुडालेले पैसे त्यांचेही होते. "काका, ही कीड वेलीच्या मुळाशी कशी शिरते आणि कशी थांबवायची हे मला शिकायचंय." या एका वाक्यात कानडीही नाही आणि मराठीही नाही, आणि काका शेतकरी आहेत.

धारवाडच्या कृषी मेळ्याला आपल्या भागातले शेतकरी दरवर्षी जातात. काकाही कधीतरी गेले असतील. त्यांना घेऊन एकदा त्या विद्यापीठाच्या आवारात हिंडून ये. वसतिगृह बघू दे, प्रयोगाचे वाफे बघू दे. योगायोग असा, की धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठही १९८६ सालचंच. शिकवणं इंग्रजीतून चालतं. कन्नड लागतं ते रानात, मजुरांशी आणि शेतकऱ्यांशी बोलायला, आणि शेवटच्या वर्षी गावात राहून काम करावं लागतं तेव्हा. ते तुझ्याजवळ आहेच. ज्या कन्नडनं तुला त्या खिडकीवर रडू आणलं, तेच तिथं शेतकऱ्याच्या बांधावर तुझ्या उपयोगी पडेल, आणि तिथं ते काम तू आपण होऊन घेतलेलं असेल.

कोल्हापूरचं दार मात्र रागानं लावून घेऊ नकोस. तिथं राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचं कृषी महाविद्यालय आहे, राहुरीच्या विद्यापीठाचं, जुनं आणि चांगलं. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्र सरकारनं काही अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळी सोय ठेवली आहे. शेतीच्या पदवीला ती कशी लागते ते तिथल्या प्रवेशाच्या माहितीपत्रकात स्वतः वाच, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. कर्नाटकात सीईटी द्यावी लागेलच. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राखीव जागा आहेत आणि त्यासाठी वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा घेतात, त्यात बियाणं, पिकं, अवजारं ओळखायला सांगतात. चार बियाणी ओंजळीत घेऊन नावं सांगायला तुला कुठल्या क्लासची गरज आहे? आजीजवळ बस. शेतकरी असल्याचा दाखला, उतारा, उत्पन्नाचा दाखला, हे सगळे कागद तुला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या कचेरीतून, काढावे लागतील. सात वर्षांत पहिल्यांदा तू त्या खिडकीवर स्वतःच्या नावाचा कागद घेऊन उभी राहशील.

माझं मत विचारशील तर धारवाड. कारण भाषेचं नाही, अंतराचं आहे, आणि तेही किलोमीटरमधलं नाही. कोल्हापूरला आत्या आहे. तू आत्याच्या घरात राहशील, आणि आत्याच्या घरात तू पुन्हा लहान असशील. किती वाजता आलीस, कुणाबरोबर आलीस, याचा निरोप रात्री नऊच्या आत उचगावच्या पुढं पोचलेला असेल. आत्या वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती जबाबदारीनंच वागेल, म्हणूनच तसं होईल. धारवाडच्या वसतिगृहात तुला आपलं वेळापत्रक आपण लावावं लागेल, ताप आला तर आपण दवाखाना गाठावा लागेल, महिनाअखेरीला पैसे का संपले याचं उत्तर आपणच आपल्याला द्यावं लागेल. तुला हे हवंय, नाही का? पत्रात तू ते लिहिलं नाहीस, पण वाढदिवसाच्या त्या ओळीत ते आहे.

आणि धारवाड लांब नाही. बेळगावहून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसला तिकीट नाही. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून हातात देतो, ते तू रोज घेतेसच. त्याच तिकिटावर तू महिन्यातून दोनदा घरी येऊ शकशील आणि अप्पांना त्यासाठी खिशात हात घालावा लागणार नाही. ही सवलत कर्नाटकातल्या कर्नाटकात चालणाऱ्या बसलाच, थेट कोल्हापूरला जाणाऱ्या बसला नाही. पलीकडं महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. घरात खर्चाचं बोलणं निघेल तेव्हा हा हिशेब कागदावर मांडून ठेव.

मोबाईल आणि वाढदिवस यावर थोडक्यात सांगते. मोबाईलवरून आत्ता भांडू नकोस. आईला तुझ्या मोबाईलमधलं काही सापडायचं नाही, तिला आपली भीती शोधायची आहे, आणि ती मोबाईलमध्ये नाही. वाढदिवसाला मात्र जा. कुठं, कुणाकडं, कितीच्या बसनं परत, हे तिघंचौघं बसलेली असताना सांग आणि सांगितलेल्या बसनं ये. "एकटी कशी जाणार?" असं विचारलं तर आवाज न चढवता म्हण, "जशी नाडकचेरीत जाते तशी." एकदाच म्हण. दुसऱ्यांदा म्हटलंस तर तो टोमणा होईल. आणखी एक, बँकेत तुझ्या नावाचं खातं नसेल तर काढ. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवायचं बचत खातं काढता येतं, रिझर्व्ह बँकेची तशी परवानगी आहे. शिष्यवृत्तीलाही ते लागेल.

आता आईचा प्रश्न, ज्याच्यामुळं तुला झोप नाही. तू गेलीस तर कागद कोण बघणार?

याआधी एक बोलते, त्यानं तुला थोडा राग येईल. माझ्याशिवाय घर अडेल, या दुःखात एक गोडीही असते. मी ती चाखली आहे. लग्न होऊन गेले तरी वडिलांचे कागद मीच बघायची, आणि धाकट्या भावानं एकदा परस्पर एक फॉर्म भरला तेव्हा मला बरं वाटायच्या ऐवजी लागलं होतं. तू रात्री जागतेस ती घराच्या काळजीनं, हे खरंच आहे. त्यात कुठंतरी हेही असेल, की तू नसताना घर चाललं तर मग तू कोण? हे एकदा स्वतःला विचारून बघ. उत्तर मला कळवायची गरज नाही.

कागद भावाकडं देऊ नकोस. आई म्हणेल, तो आहे की, त्यालापण शाळेत कन्नड आहे. तो आठवीत आहे. पाचवीतल्या तुझ्या पाठीवर जे ठेवलं गेलं ते काढून आठवीतल्या त्याच्या पाठीवर ठेवलं तर तू फक्त सुटशील, ते ओझं घरात तसंच राहील. त्याला अडल्या शब्दाचा अर्थ विचारायला हरकत नाही. खिडकीवर पाठवायचं नाही.

कागद आईकडं जायला हवेत. हो, आईकडं. ती किती शिकली ते तू लिहिलं नाहीस, पण मराठी वाचता येत असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. कन्नडची अक्षरं वेगळी दिसतात, पण रांग आपलीच, क ख ग घ. बाराखडीही तीच, फक्त ए आणि ओ तिथं ऱ्हस्व-दीर्घ दोन दोन आहेत. आणि सरकारी कागदाला सगळी भाषा लागत नाही, मूठभर शब्द लागतात. त्यातले कितीतरी आपल्या कानाला ओळखीचे आहेत. सही म्हणजे सहीच. अर्जी म्हणजे अर्ज. दिनांक, ग्राम, खाते, हे तर आईला कुणी शिकवायलाच नकोत. हेसरु म्हणजे नाव, विळास म्हणजे पत्ता, मोत्त म्हणजे रक्कम, कोनेय दिनांक म्हणजे शेवटची तारीख. असे वीस-पंचवीस शब्द एका वहीत लिही, डाव्या बाजूला कन्नड अक्षरांत, उजवीकडं मराठीत. अक्षर मोठं काढ, चुलीपाशी बसूनही दिसेल असं. मोबाईलचा कॅमेरा कागदावर धरला की मराठीत भाषांतर दाखवणारी सोय आहे, तीही आईला शिकव. बिल आणि नोटीस काय म्हणते याचा अंदाज त्यावर येतो. जमिनीच्या आणि कर्जाच्या कागदाला मात्र मोबाईलवर विसंबायचं नाही, ते गावातल्या जाणत्या माणसाला दाखवायचे. यात लाज नाही हे अप्पांच्या कानावर घालायचं काम तुझं.

आई आधी नको म्हणेल. "या वयात मला कुठं येतंय" म्हणेल. ज्या बाईनं गृहलक्ष्मीचे दोन हजार कुठल्या महिन्यात आले आणि कुठल्या महिन्यात आले नाहीत हे न लिहिता ध्यानात ठेवलंय, तिला वीस शब्द जड जायचे नाहीत. पुढच्या वेळी बँकेत दोघी जा. स्लिप तिच्याकडून भरून घे, खिडकीवर तिला पाठव आणि तू बाकावर बस. ती दोनदा मागं वळून बघेल. तू उठू नकोस.

सुरुवात लाईट बिलानं कर. मीटर बघायला आलेला माणूस हातातल्या मशीनमधून ती लांबट चिठ्ठी काढून देतो, ती घे आणि न वाचता आईच्या हातात ठेव. तुमचा वापर गृहज्योतीच्या, म्हणजे सरकारच्या फुकट विजेच्या योजनेच्या, मर्यादेत बसत असेल तर बिल शून्यच येतं. म्हणजे चुकीचं वाचलं तरी कुणाचं काही बिघडत नाही, भाताची पोती जात नाहीत. हेसरु कुठं आहे ते शोधायला सांग. अप्पांचं नाव सापडेल. मग दिनांक, मग मोत्त. ती अडखळेल, बोट एकाच ओळीवर फिरवत राहील, आणि तुझ्या तोंडात शब्द आलेला असेल. तेवढा वेळ तू उठून दारातल्या तुळशीला पाणी घालून ये.

— तुझी ताई